व्हीपीएनची सूचना दुसऱ्यांदा वाचा

दर थोड्या महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरत येतो. 'व्हीपीएन वापरणाऱ्यांनो सावधान, सरकारचा हाय अलर्ट', बाजूला लाल त्रिकोण, आणि खाली 'आत्ताच्या आत्ता अपडेट करा, नाहीतर खाते रिकामे'. कोणते व्हीपीएन, त्याची कोणती आवृत्ती, हल्लेखोराला आत शिरण्यासाठी काय हाताशी लागते, याबद्दल त्यात एक अक्षर नसते. तो वाचून कुणी घाबरून ऑफिसचे व्हीपीएनच बंद करून टाकतो आणि कामाच्या फायली स्वतःच्या साध्या ईमेलवरून पाठवू लागतो. कुणी असले फॉरवर्ड पाहून पाहून निगरगट्ट झालेला असतो, तो न वाचताच पुसतो. पुढे कधीतरी खरी सूचना येते, तीही त्याच अंगठ्याखाली जाते.

दोघांनाही माझे एकच सांगणे आहे. बातमीवर थांबू नका, मूळ सूचना उघडा, आणि आठवड्याभराने तीच सूचना पुन्हा उघडा. त्रुटी सापडल्याची पहिली सूचना म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदवलेली फिर्याद असते. तपास अजून व्हायचा असतो, कलमे वाढतात, कधी गळतात, आणि क्वचित फिर्यादच खोटी निघते.

पहिली अडचण नावापासून सुरू होते. व्हीपीएन म्हणताना आपण तीन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतो. फोनवर पैसे भरून किंवा फुकट घेतलेले ॲप ही एक. कंपनीने लॅपटॉपवर टाकून दिलेला प्रोग्रॅम, ज्यातून घरी बसून हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरता येते, ही दुसरी. तिसरी बहुतेकांना कधी दिसतच नाही. ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये, किंवा लहान ऑफिस असेल तर प्रिंटरशेजारच्या कपाटात, फायरवॉलची एक पेटी असते आणि बाहेरून येणारी व्हीपीएन जोडणी तिच्यावर येऊन उतरते. गेल्या सहा-सात वर्षांत व्हीपीएनच्या ज्या त्रुटींमुळे मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती अडचणीत आली, त्या बहुतेक या तिसऱ्या पेटीतल्या होत्या. ती चोवीस तास इंटरनेटकडे तोंड करून उभी असते, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून तिच्यावर हात टाकता येतो. बातमी मात्र नुसत्या 'व्हीपीएन' या शब्दाने येते, आणि धसका घेतो तो फोनवर ॲप असलेला माणूस. पेटीचा मालक निवांत असतो, कारण आपल्याकडे व्हीपीएन आहे हेच त्याला ठाऊक नसते. ते आयटीवाल्याने केव्हातरी चालू करून दिलेले असते.

मे २०२४ मधले 'टनेलव्हिजन' हे याचे चांगले उदाहरण. ६ मे रोजी लेव्हायथन सिक्युरिटी ग्रुप या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी एक युक्ती जाहीर केली. आपण हॉटेलच्या वाय-फायला जोडलो की तिथला राउटर डीएचसीपी नावाच्या पद्धतीने आपल्या लॅपटॉपला नेटवर्कवरचा पत्ता देतो. त्याच पद्धतीत १२१ क्रमांकाचा एक पर्याय २००२ सालापासून आहे, आणि त्यातून राउटर लॅपटॉपला सांगू शकतो की अमुक ठिकाणची माहिती अमुक वाटेने पाठव. त्या नेटवर्कवर बसलेल्या कुणी खोटा डीएचसीपी सर्व्हर उभा केला, तर तो तुमची माहिती व्हीपीएनच्या बोगद्यात शिरूच न देता बाहेरून वळवू शकतो. पडद्यावर 'कनेक्टेड' हा शब्द तसाच राहतो. जोडणी तुटली की इंटरनेट बंद करणारा किल-स्विचही गप्प बसतो, कारण त्याच्या लेखी जोडणी तुटलेलीच नसते.

युक्ती खरी होती, हुशारीचीही होती. बातम्यांनी मात्र तिचे 'जवळपास सगळी व्हीपीएन निकामी' करून टाकले. गळले ते असे. हल्लेखोर तुमच्याच स्थानिक नेटवर्कवर हवा, दूरदेशी बसून हे जमत नाही. अँड्रॉइड १२१ क्रमांकाचा तो पर्याय मानतच नाही, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांच्या खिशातल्या फोनवर ही युक्ती लागूच नव्हती. व्हीपीएनचे कूटलेखन कुणी फोडलेले नव्हते. बोगद्याबाहेर पडलेली माहितीसुद्धा बँकेच्या किंवा ईमेलच्या एचटीटीपीएस साइटची असेल तर कुलूपबंदच राहते. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढे दिसते, तिथे काय टाइप केलेत ते दिसत नाही. पत्रकाराला किंवा कार्यकर्त्याला तेवढे दिसणेही महाग पडू शकते, म्हणून त्यांनी ही सूचना गंभीरपणे घ्यायलाच हवी होती. लोणावळ्याच्या हॉटेलात बसून ऑफिसचे काम करणाऱ्याला उपाय सोपा होता, हॉटेलचे वाय-फाय सोडून स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावणे. हा उपाय संशोधकांनीच सांगितला होता. तो किती फॉरवर्डमध्ये आला?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या एका संशोधकाने ओपनव्हीपीएन या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या चार त्रुटी मांडल्या. भाषणाच्या शीर्षकातच चार 'झीरो-डे' होते आणि लक्षावधी मशीन होती. झीरो-डे म्हणजे जिच्यावर दुरुस्ती निघालेलीच नाही आणि हल्लेखोराला जी आधीच ठाऊक आहे अशी त्रुटी. ओपनव्हीपीएनच्या मंडळींनी मात्र या त्रुटी मार्चमध्येच २.६.१० आणि २.५.१० या आवृत्त्यांत बुजवल्या होत्या. ज्याने वसंतात अपडेट टाकले त्याच्यासाठी ऑगस्टची बातमी शिळी होती. शिवाय या त्रुटी मुख्यतः विंडोजवरच्या भागांत होत्या, आणि पूर्ण साखळी जुळवायला हल्लेखोराकडे आधी वापरकर्त्याचे नाव-पासवर्ड असणे गरजेचे होते, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या लेखात स्पष्ट लिहिले होते. अपडेट न टाकलेल्यांना धोका होताच. पण तारीख आणि अट ही दोन वाक्ये शीर्षकात मावत नाहीत.

एवढ्यावरून 'सगळे फुगवलेले असते' असा निष्कर्ष कुणी काढू नये. मला जास्त काळजी वाटते ती उलट्या चुकीची, धोका कमी करून सांगणाऱ्या सूचनेची. ती गाजावाजा करत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही.

पालो आल्टो नेटवर्क्स ही फायरवॉलच्या धंद्यातली मोठी कंपनी. १२ एप्रिल २०२४ रोजी तिने ग्लोबलप्रोटेक्ट या आपल्या व्हीपीएन सुविधेतली एक त्रुटी जाहीर केली. सीव्हीई-२०२४-३४०० हा तिचा क्रमांक (जाहीर झालेल्या त्रुटींना असा सीव्हीई क्रमांक देतात), आणि गंभीरतेचे गुण दहापैकी दहा. हल्ले आधीच सुरू झाले होते, दुरुस्ती तयार व्हायला दोन दिवस लागणार होते. तोवरचे तात्पुरते उपाय कंपनीने सांगितले, त्यातला एक होता पेटीतली टेलिमेट्री, म्हणजे कंपनीकडे आपोआप जाणारी माहिती, बंद करणे. कितीतरी नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी रात्री बसून तेवढे केले असेल आणि हुश्श केले असेल. थोड्याच दिवसांत कंपनीने तीच सूचना बदलली. टेलिमेट्री बंद करून उपयोग नाही, ती चालू असण्याची गरजच नाही, असे त्यात आले. ज्याने पहिली आवृत्ती वाचली, उपाय केला आणि पान मिटले, त्याची पेटी उघडीच राहिली. त्याच्याकडून आळस झाला नव्हता, कामही सूचनेबरहुकूम झाले होते.

इव्हान्टीचे प्रकरण याहून बोलके आहे. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी या कंपनीने कनेक्ट सिक्युअर या व्हीपीएन पेटीची नवी आवृत्ती काढली. तिच्यात एक दोष बुजवला गेला होता. ठरावीक जागेपेक्षा जास्त मजकूर लिहिला जाण्याचा तो दोष, आणि तोही मजकूर फक्त आकडे आणि पूर्णविराम यांचाच असू शकत होता. एवढ्यातून कुणी दुरून आपला प्रोग्रॅम चालवू शकणार नाही, असे कंपनीने ठरवले आणि त्याला सुरक्षेची त्रुटी न म्हणता साधा दोष म्हणून सोडून दिले. हल्लेखोरांनी बहुधा तो पॅच, म्हणजे ती दुरुस्तीच, उलगडून पाहिला. मार्चच्या मध्यापासून जुन्या आवृत्तीवरच्या पेट्यांत शिरकाव झाल्याचे पुरावे मँडियंट या कंपनीच्या तपासात मिळाले, आणि ३ एप्रिलला त्या 'साध्या' दोषाला सीव्हीई-२०२५-२२४५७ हा क्रमांक आणि नऊ गुण मिळाले. लबाडी होती असे मी म्हणत नाही. आकडे आणि पूर्णविराम पाहून चांगल्या अभियंत्यानेही तसेच म्हटले असते. पण 'सुरक्षेची सूचना निघाल्याशिवाय अपडेट टाकायचे नाही' असा ज्या ऑफिसचा शिरस्ता होता, तिथे त्या दीड महिन्यात कुणी हलले नसणार.

म्हणून सांगतो, व्हीपीएनच्या पेटीच्या बाबतीत साधे अपडेटही ताजी भाजी समजून लगेच घ्या.

सूचना कोण लिहितो हेही लक्षात असू द्या. बहुतेक वेळा ती ज्याने माल विकला तोच लिहितो, आणि त्याला ती लहान दिसावी असे वाटते. त्रुटी शोधणाऱ्याचे नाव तिच्या आकाराने मोठे होते, तेव्हा त्याचा कल उलट. बातमी देणाऱ्याला वाचक हवे असतात. मे २०२४ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने आपल्या व्हीपीएनमधल्या त्रुटीला 'माहिती उघड होणे' असे सौम्य नाव दिले. स्वतंत्र संशोधकांनी दुरुस्ती तपासून दाखवले की हल्लेखोर पेटीतली हवी ती फाइल वाचू शकतो, पासवर्डच्या नोंदींसकट. शब्द खोटा नव्हता. माहिती उघड होतच होती!

गुणांच्या आकड्याबद्दलही थोडे. शून्य ते दहा असे गुण सीव्हीएसएस नावाच्या पद्धतीने देतात. जो मूळ आकडा बातमीत येतो तो त्रुटीची गंभीरता सांगतो. ती तुमच्या ऑफिसात लागू आहे का, तिच्यावर हल्ले चालू आहेत का, हे त्या आकड्यात नसते. शिवाय आकडाही चुकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कर्ल या प्रसिद्ध प्रोग्रॅममधल्या, आधीच दुरुस्त झालेल्या एका किरकोळ दोषाला कुणा अनामिकाने सीव्हीई क्रमांक मिळवून दिला आणि त्रुटींच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदवहीने त्याला ९.८ गुण दिले. कर्लचे निर्माते डॅनियल स्टेनबर्ग यांनी जाहीरपणे डोके आपटल्यावर ते गुण खूपच खाली आले. कर्ल हे व्हीपीएन नव्हे, पण नोंदवही तीच. तेव्हा ९.८ वाचून पळू नका आणि ५.३ वाचून झोपू नका. 'हल्ले झाल्याचे आढळले आहे' हे वाक्य सूचनेत असेल, तर ते कुठल्याही आकड्यापेक्षा जड समजा. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा २०२१ पासून अशा, प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची वेगळी यादी ठेवते. ती कुणालाही फुकट पाहता येते.

आपल्याकडे हे काम सर्ट-इनचे. केंद्र सरकारची ही संस्था २००४ पासून आहे, आणि फॉरवर्डमधला 'सरकारचा हाय अलर्ट' बहुधा तिच्याच एखाद्या टिपणीवरून उचललेला असतो. मूळ टिपणी साधी, कोरडी असते. कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्त्या, परिणाम काय, उपाय काय, आणि सीव्हीई क्रमांक. उपायाच्या जागी बहुतेकदा कंपनीच्या पानाचा दुवा असतो. हे पान इंग्रजीत असते म्हणून बिचकू नका. तुम्हाला त्यातला निबंध वाचायचा नाही. उत्पादनाचे नाव आणि आवृत्तीचा आकडा आपल्याशी जुळतो का ते बघा. ॲप असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली आकडा सापडतो, पेटी असेल तर आयटीवाल्याला फोन करा. आकडा जुळला तर हल्लेखोराला काय लागते ते शोधा. 'लॉगिन न करता, दुरून' असे लिहिले असेल तर ते काम आजचे आहे. 'त्याच मशीनवर आधी प्रवेश हवा' किंवा 'त्याच नेटवर्कवर असायला हवे' असे असेल तर घाबरायचे कारण कमी, अपडेट तरीही टाकायचेच. शेवटी पानाच्या वर किंवा तळाशी 'शेवटचा बदल' ही तारीख असते. ती टिपून ठेवा. पुढच्या आठवड्यात ती पुढे सरकली असेल तर काय बदलले ते वाचा. बहुतेक कंपन्या बदलांची यादी तळाशी देतात.

सूचना शेवटपर्यंत वाचण्याचे एक कारण सोनिकवॉलने दिले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये या कंपनीने सीव्हीई-२०२४-४०७६६ ही त्रुटी जाहीर केली. आधी ती पेटीच्या व्यवस्थापनापुरती म्हटली गेली, आणि ६ सप्टेंबरला सूचना सुधारून तिच्यात व्हीपीएनचाही समावेश झाला. पॅच टाका आणि पेटीवरच्या स्थानिक खात्यांचे पासवर्ड बदला, असे दोन्ही त्यात होते. पॅच टाकणारे पुष्कळ निघाले. वर्षभराने, २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, सोनिकवॉलच्या पेट्यांतून शिरून अकिरा टोळी खंडणीसाठी फायली कुलूपबंद करू लागली, तेव्हा सुरक्षा कंपन्यांना वाटले की नवाच झीरो-डे निघाला. बातम्याही तशाच आल्या. कंपनीने तपास करून सांगितले की नवे काही नाही, मागच्या वर्षीच्याच त्रुटीशी याचा संबंध दिसतो. अनेक ठिकाणी जुन्या पिढीची पेटी काढून नवी बसवताना सगळी माहिती तशीच उचलून आणली होती, पासवर्डसकट, आणि ते कुणी बदललेच नव्हते.

आणि अपडेट टाकायचे ते कुठून? फॉरवर्डमधल्या दुव्यावरून कधीच नाही. गूगलवर शोधून सगळ्यात वर जी जाहिरात येते तिच्यावरूनही नाही. जून २०२५ मध्ये सोनिकवॉल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सांगितले की नेटएक्स्टेंडर या व्हीपीएन प्रोग्रॅमची हुबेहूब बनावट प्रत खोट्या साइटवरून वाटली जात होती, आणि ती टाकणाऱ्याचे व्हीपीएनचे नाव-पासवर्ड परस्पर पळवत होती. फोनवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर, लॅपटॉपवर ऑफिसच्या आयटी विभागाने दिलेली जागा, पेटीसाठी ती बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचे आपले खाते, एवढ्याच वाटा वापरा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर-गुन्हे हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

चुकीची सूचना दिसली तर तिचेही काही करा. सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर अर्धवट फॉरवर्ड आला की 'हे खोटे आहे' असे न लिहिता मूळ टिपणीचा दुवा आणि 'ही अमुक पेटीच्या अमुक आवृत्तीसाठी आहे, तुमच्या फोनसाठी नाही' असे एक मराठी वाक्य टाका. ग्रुपमध्ये कुणाचा तरी भोसरीत किंवा अंबड एमआयडीसीत कारखाना असतो. त्याच्यासाठी ते वाक्य कामाचे ठरू शकते.

व्हीपीएन बंद करण्याचा सल्ला कधी योग्यच असतो. ३१ जानेवारी २०२४ रोजी सिसाने अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांना इव्हान्टीच्या पेट्या २ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंत नेटवर्कवरून काढून टाका असा आदेश दिला होता. पण तो निर्णय पेटी सांभाळणाऱ्याने घ्यायचा असतो. घरच्या लॅपटॉपवर परस्पर व्हीपीएन बंद करून काम चालू ठेवणे हा त्या आदेशाचा अर्थ होत नाही.

दुकान, दवाखाना, सीएचे ऑफिस, पतसंस्था चालवणाऱ्यांशी आणखी थोडे बोलायचे आहे. सूचनेत तुमच्या पेटीचे नाव नसणे म्हणजे ती सुरक्षित असणे नव्हे. कंपनीने जिची जबाबदारी सोडली आहे अशी जुनी आवृत्ती पुष्कळदा तपासलीच जात नाही, मग 'बाधित' यादीत ती येणार कशी? इव्हान्टीच्या २०२५ च्या त्या त्रुटीत पल्स कनेक्ट सिक्युअर ९.१ या जुन्या मालिकेचे नाव होते, पण तिचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजीच संपला होता आणि तिच्यासाठी पॅच निघणार नव्हता. यंदा एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. पेटीचे मॉडेल, तिच्यावर आज चालू असलेली आवृत्ती, आणि कंपनीचा आधार कोणत्या तारखेला संपतो. ती तारीख उलटून गेलेली असेल तर नव्या पेटीचे कोटेशन मागवा, आणि ती बसेपर्यंत बाहेरून येणारे व्हीपीएन आयटीवाल्याकडून बंद करून घ्या. नवी पेटी बसवताना जुन्या पेटीतले पासवर्ड उचलून आणू नका, हे त्याला तोंडी न सांगता कामाच्या यादीत लिहून द्या.